निषिद्धांची यादी

निषिद्ध वाङ्मयाची यादी करण्याचा प्रघात जुना आहे. ख्रिस्तसभेलाच त्याचा दीर्घ अनुभव असल्याने या विषयाचा आरंभ आम्ही आपल्या घरापासूनच करतो. पोप चौथे पॉल यांच्या काळात, १५५९ साली, रोमने निषिद्ध ग्रंथसूची प्रसिद्ध केली. गॅलिलिओचा 'संवाद' पुढे तीत समाविष्ट झाला व १८३५ च्या आवृत्तीतून वगळला गेला. १९६६ साली पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत या सूचीचे बंधन संपले. सूची कठोर होती खरी. परंतु ती छापील होती. कोणता ग्रंथ वर्ज्य ठरला, हे लेखकास कळे आणि वाचकासही कळे.

आपल्या देशात लॉर्ड लिटन यांनी १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांवर कायद्याचा बडगा उगारला. मुद्रक-प्रकाशकांकडून हमीपत्र व अनामत घेण्याचा, प्रसंगी छापखान्याचे साहित्य जप्त करण्याचा अधिकार शासनास मिळाला. न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. इंग्रजी पत्रांना हा कायदा लागू नव्हता, म्हणून कलकत्त्याची 'अमृत बझार पत्रिका' इंग्रजीतून निघू लागली. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत कायदा रद्द झाला. तथापि तेव्हाची जप्तीही चारचौघांना दिसणारी होती.

इंटरनेटच्या युगात मात्र बंदी अदृश्य झाली. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातील एका बंदी घातलेल्या संघटनेशी संबंधित असा 'याहू'वरील एकच गट रोखण्याचा आदेश केंद्र शासनाने दिला. सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना तेवढाच गट वेगळा काढता येईना. त्यांनी 'याहू'वरील सगळेच गट बंद केले. एका तणासाठी अवघे शेत नांगरले गेले.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन '६९ अ' हे कलम आले. देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था आदी कारणांसाठी मजकूर रोखण्याचा अधिकार त्याने केंद्रास दिला. २००९ च्या नियमांनी समिती नेमली, सुनावणीची तरतूद केली. मात्र सोळाव्या नियमाने तक्रारी व कारवाई गोपनीय ठेवण्याचे बंधनही घातले.

नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघरात दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत मांडले होते, दुसरीने ते पसंत केले होते. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने '६६ अ' हे कलम घटनाबाह्य ठरविले. '६९ अ' मात्र कायम राहिले. आदेशाची कारणे लेखी नोंदवावी लागतात, त्यामुळे त्यास न्यायालयात आव्हान देता येते, असे न्यायालयाने म्हटले.

येथेच खरी मेख आहे. दंगल पेटविणारा मजकूर रोखणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जो आदेश दिसतच नाही, त्यास नागरिकाने आव्हान द्यावे कसे? १० जानेवारी २०२० रोजी, काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणी, असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे याच न्यायालयाने बजावले. संकेतस्थळांवरील बंदीसही तोच न्याय लागू व्हावा. रोमची सूची चार शतकांनी का होईना, मिटली. तिच्यात काय आहे हे जगास ठाऊक होते, म्हणून तिच्यावर वाद तरी घालता आला. न वाचता येणाऱ्या यादीवर वाद घालणार तरी कसा?