मायक्रोडर्माब्रेशन : चेहऱ्यावर नेमके काय केले जाते?

मायक्रोडर्माब्रेशनमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण किंवा हिऱ्याची कणी बसवलेले टोक चेहऱ्यावरून फिरवतात. सुटलेल्या मृत पेशी यंत्र लगेच ओढून घेते. घासला जातो तो त्वचेचा फक्त सर्वांत वरचा थर, म्हणून भूल लागत नाही. चेहरा लालसर होतो, पण बहुधा एक-दोन दिवसांत पूर्ववत होतो.

निस्तेज, खडबडीत त्वचेत फरक पडतो. त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. मुरुमांचे खोल खड्डे मात्र याने भरत नाहीत, कारण ते या थराच्या बरेच खाली असतात. वांगावरही हा भरवशाचा उपाय नाही. उलट सावळ्या त्वचेवर जास्त घासले गेले, तर नवे काळे डाग पडू शकतात. कोणी गोरे करून देण्याची हमी देत असेल, तर सरळ उठून या.

पिकलेले मुरूम किंवा ओठांवर हर्पीसचे फोड असतील तर थांबा. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील, तर आधी डॉक्टरांना सांगा. मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे मलम गोरेपणासाठी लावत असाल, तर तेही सांगा. त्याने त्वचा पातळ होते, आणि हे रुग्ण सहसा खोदून विचारल्यावरच सांगतात!

उपचारानंतर उन्हात जाताना किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावा.