टॅपेटचा आवाज

टॅपेटचा आवाज : मोटारीचे इंजिन चालू असताना त्याच्या माथ्याकडून येणारी, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी बारीक, कोरडी टिकटिक. कॅमशाफ्ट, रॉकर आर्म, टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट नेमून दिलेल्या मापापेक्षा वाढली की ती ऐकू येते. गॅरेजांत मात्र इंजिनातल्या कोणत्याही टिकटिकीला ‘टॅपेट वाजतोय’ असे म्हणतात आणि निदान चुकायला पुष्कळदा तिथूनच सुरुवात होते.

फट मुळात ठेवलेली असते. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते. त्या वाढीला जागा हवी म्हणून थंड इंजिनात साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर अंतर सोडतात. जळालेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह जास्त तापतो, त्यामुळे त्याची फट सहसा मोठी असते. फट वाढली तर धातूवर धातू आपटून आवाज येतो, व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो. ती कमी झाली तर आवाज येतच नाही. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पुरता बसत नाही, कडेने तप्त वायू निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. थोडासा वाजणारा टॅपेट चालेल, अगदी गप्प टॅपेट नको, असे जुने मिस्त्री सांगत ते याचसाठी.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. पुण्यात सीएनजीच्या मोटारी आणि रिक्षा मोठ्या संख्येने आहेत. हे इंधन कोरडे असते. द्रव पेट्रोलामुळे व्हॉल्व्हच्या सीटला मिळणारा ओलावा आणि गारवा त्यात नसतो. सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकत जातो आणि फट बुजत जाते. अशा गाडीचे इंजिन आधीपेक्षा शांत झाले आणि सकाळी सुरू होताना मिसिंग करू लागले, तर टॅपेटची फट ताबडतोब मोजावी.

ओळख : पहिली कसोटी आवाजाच्या लयीची. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल, तर एक ढिला टॅपेट मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा वाजतो. टिकटिक याच्या दुप्पट वेगाने येत असेल तर शोध क्रँकशाफ्टच्या बाजूला घ्यावा. मात्र निम्मी लय एवढ्यावरून टॅपेट दोषी ठरत नाही. इंजेक्टर आणि जळालेला वायू वाहून नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड गळका असेल तर तोही त्याच लयीत वाजतात.

दुसरी कसोटी तापमानाची. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पॅकिंग गेले असेल, तर पुण्यातल्या थंडीत सकाळी आवाज ठळक येतो. लोखंड तापून फुगले की सांध्यातली फट मिटते आणि आवाज उतरतो. सांध्याजवळ काजळीचा काळा पट्टा दिसला तर दुसरा पुरावा लागत नाही. ढिल्या स्पार्क प्लगचा आवाजही जवळपास असाच असतो.

तिसरी कसोटी भाराची, आणि पुण्याच्या वारजे भागातल्या गाडीला तिच्यासाठी लांब जावे लागत नाही. महामार्गाने डुक्कर खिंडीतून चांदणी चौकाकडे जाताना चढ लागतो. टॅपेटची टिकटिक फेऱ्यांच्या वेगावर अवलंबून असते, चढाने तिच्यात फारसा फरक पडत नाही. मॅनिफोल्डची गळती आणि कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगचा ठोका चढावर जोर धरतात. इंजिनावर भार घेतल्यावर जड, खोल ठोका येत असेल किंवा ऑइलचा दिवा लागला असेल, तर ही परीक्षा रस्त्यावर घेऊ नये. इंजिन बंद करून गाडी ओढून न्यावी.

जागा शोधायला लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावण्याची रीत अजून चालते. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप अधिक सुरक्षित, कारण पंखा आणि पट्टा डोक्यापासून दूर राहतात. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या इंजिनांत २०० बारच्या आसपासचा दाब वापरतात. त्यांच्या इंजेक्टरची टिकटिक हा दोष नव्हे. हे सगळे करण्याआधी डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहावी. साधी गोष्ट आहे, आणि तीच राहून जाते.

दुरुस्ती : टॅपेट सेटिंगचा धडा मराठी मुलखातल्या अनेक मेकॅनिकांनी मुंबईत कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीवर गिरवला. तिच्या १०८९ सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात पुशरॉड आणि रॉकर असत आणि प्रत्येक व्हॉल्व्हला एक स्क्रू व एक लॉकनट. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलू लागले की पहिल्याचे दोन्ही मोकळे असतात, तेव्हा पहिल्याचे सेटिंग करायचे. दुसरा आणि तिसरा सिलिंडर यांची अशीच जोडी. फट मोजण्याच्या फीलर गेजची पाती फटीतून किंचित अडखळत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर माप पुन्हा घ्यायचे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ला तीनच सिलिंडर आणि सहा व्हॉल्व्ह. तिथे जोड्यांची युक्ती चालत नाही. दर २४० अंशांना एक सिलिंडर पेटतो, त्या हिशेबाने क्रँक फिरवावा लागतो. पुढच्या पुष्कळ पेट्रोल इंजिनांत स्क्रू गेला आणि वाटीसारखा टॅपेट आला. त्यात फट बदलायची तर वेगळ्या जाडीचा टॅपेट किंवा शिम घालावी लागते आणि त्यासाठी बहुधा कॅमशाफ्ट उतरवावा लागतो.

हायड्रॉलिक टॅपेट ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरतो. पुण्याजवळ रांजणगावला बनणारे फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल याच जातीचे होते. भारत स्टेज ६ निकष एप्रिल २०२० मध्ये लागू झाले, तेव्हा ते थांबले. अशा इंजिनात रात्रभर उभ्या गाडीची सुरुवातीची दोन-चार सेकंदांची टिकटिक चिंतेची नसते. ती टिकून राहिली तर योग्य दर्जाचे ऑइल घालून फिल्टर बदलावा, नंतर गेज लावून ऑइलचा दाब मोजावा. टॅपेट बदलण्याचा विचार त्यानंतर करावा. ऑइलमध्ये घालायच्या द्रव्यांनी अडकलेला टॅपेट मोकळा होतो की नाही, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. घट्ट ऑइल ओतून आवाज दाबणे मात्र चूक आहे. थंड इंजिनात ते टॅपेटपर्यंत उशिरा पोहोचते.

टायमिंग चेन : टॅपेटशी गल्लत होणारा हा आवाज इंजिनाच्या चेनकडील कव्हरमागून खडखडत येतो.

पिस्टनची थाप : हिचीही टॅपेटशी गल्लत होते; थंडपणी येते, इंजिन तापले की जाते.

पुराचे पाणी : २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेल्या विसर्गाने वारज्यापलीकडच्या मुठेच्या तीरावर, सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरले. पाण्यात बुडालेली गाडी तशीच सुरू केली तर सिलिंडरमधले पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर येणारा ठोका टॅपेटचा समजून सेटिंगवर पैसे घालवू नयेत.

मोजमाप : पुण्यातल्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत वाहनांचा आवाज आणि कंपने यांची शास्त्रीय चाचणी होते.

सेटिंगनंतर टॅपेट कव्हरचे पॅकिंग शक्यतो नवे घालावे आणि बोल्ट ठरलेल्या बळानेच आवळावेत. जुन्या पॅकिंगमधून झिरपलेले ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडून धूर होतो. गाडी एकदा पुरती तापवून, थंड होऊ देऊन, दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करताना आवाज पुन्हा ऐकावा.