अभ्यासास विटलेलीं मुलें आणि डॉन बॉस्को

ज्युबिलीच्या प्रसंगीं आपण मागें वळून पाहतों, तेव्हां देवालयाच्या भिंती, घंटा व वेदी हींच प्रथम डोळ्यांसमोर येतात. परंतु धर्मग्रामाची जिवंत इमारत म्हणजे त्यांतील मुलें होत. आणि त्या इमारतीविषयीं आज पुष्कळ आईबापांच्या तोंडीं एकच तक्रार ऐकूं येते. मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत नीट शिकत होता, आतां पुस्तक समोर आलें कीं त्याचें मन उडतें. समजावून पाहिलें, रागावून पाहिलें, कशाचाच उपयोग होत नाहीं. वाचकहो, ही तक्रार आजची नाहीं. दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वीं इटलींतील तुरिन शहरांत एका धर्मगुरूस अशींच मुलें शेंकड्यांनीं भेटलीं, व त्यानें त्यांना पुस्तकापर्यंत कसें आणिलें हा इतिहास आपणां सर्वांस मननीय आहे. हा धर्मगुरु म्हणजे संत जॉन बॉस्को. इटालियन लोक धर्मगुरूस 'डॉन' म्हणतात, म्हणून जगांत ते डॉन बॉस्को ह्याच नांवानें ओळखले जातात.

त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजीं पीडमाँट प्रांतांतील बेक्की नांवाच्या वाडींत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच वडील वारले. आई मार्गारिता हिला स्वतःला अक्षरओळख नव्हती, तरी मुलानें शिकावें अशी तिची फार इच्छा. पण सावत्र वडील बंधु आंतोनियो ह्यास हें मुळींच पसंत नव्हतें. नांगर धरणाऱ्याच्या हातीं पुस्तक कशाला, असें त्याचें मत. घरांतील कलह विकोपास गेला, तेव्हां १८२८ सालीं वयाच्या तेराव्या वर्षीं जॉनला परक्या शेतकऱ्याच्या घरीं गडी म्हणून राहावें लागलें. पुढें फादर कालोसो ह्या वृद्ध धर्मगुरूनें त्याला लॅटिन शिकविण्यास आरंभ केला. परंतु १८३० सालीं तेही निवर्तले. अखेर १८३१ सालीं किएरी येथील शाळेंत तो दाखल झाला, तेव्हां सोळा वर्षांच्या ह्या थोराड मुलास अगदीं लहान मुलांच्या वर्गांत बसावें लागलें. पोटासाठीं त्यानें शिकवण्या केल्या, एका कॉफीगृहांत चाकरीही केली. शिकण्याची तळमळ असून वाट न मिळणें म्हणजे काय, हें त्यानें असें स्वतः भोगलें होतें. म्हणूनच असेल, पुढें कोणत्याही मुलाला 'आळशी' म्हणून मोकळें होण्याची घाई त्यांनीं केली नाहीं.

५ जून १८४१ रोजीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली व ते तुरिनमध्यें राहूं लागले. त्या शहरांत तेव्हां खेड्यापाड्यांतून पोटासाठीं आलेलीं मुलें गवंड्याच्या हाताखालीं विटा वाहत, धुराडीं साफ करीत. फादर काफास्सो ह्यांच्याबरोबर डॉन बॉस्को तुरुंगांत जाऊं लागले, तेथें त्यांना बारा ते अठरा वर्षांचीं धडधाकट, हुशार मुलें गजांआड दिसलीं. सुटून गेलेलीं मुलें थोड्याच दिवसांत परत येत, कारण बाहेर त्यांची विचारपूस करणारें कोणी नव्हतें. हें दृश्य त्यांच्या मनावर कायमचें कोरलें गेलें.

त्याच वर्षीं ८ डिसेंबरला, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणीं, संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांच्या देवालयांत ते मिस्साची तयारी करीत होते. वस्त्रागारांत एक पोरका मुलगा घुटमळत होता. बार्तोलोमेओ गारेल्ली हें त्याचें नांव. मिस्साला सेवा करतां येत नाहीं म्हणून देवालयाच्या सेवकानें त्याला मारून हांकलून दिलें. डॉन बॉस्कोंनीं त्याला परत बोलाविलें व मिस्सानंतर त्याच्याशीं बोलत बसले. वाचतां येतें काय? नाहीं. लिहितां? नाहीं. गातां? नाहीं. तेव्हां त्यांनीं विचारलें, शिटी तरी वाजवितां येते ना? आणि तो मुलगा हंसला, असें परंपरेनें सांगितलें जातें. सोळा वर्षांच्या त्या मुलाला जन्मभर 'तुला काय येत नाहीं' एवढेंच ऐकावयास मिळालें होतें. 'येतें' असें म्हणण्याजोगा प्रश्न त्याला बहुधा प्रथमच कोणी विचारला असेल. शिक्षणाचा आरंभ त्या हंसण्यांत झाला. धडा मागाहून आला.

पुढें मुलांची संख्या वाढली व १८४६ च्या ईस्टरला व्हालदोक्को येथील एका पडवीवजा जागेंत ह्या मंडळीस स्थिर आश्रय मिळाला. रविवारच्या वर्गांत मुलें भराभर वाचावयास शिकत, परंतु आठवडाभराच्या मजुरींत तें सारें विसरून जात. डॉन बॉस्कोंनीं मुलांना दोष न देतां आपली रीत बदलली, व कामावरून सुटल्यावर भरणाऱ्या रात्रीच्या शाळा सुरू केल्या. काय शिकवावें ह्याचाही त्यांनीं तसाच विचार केला. पीडमाँटच्या राज्यांत १८५० च्या आरंभापासून नवीं दशमान वजनें-मापें सक्तीचीं व्हावयाचीं होतीं. बाजारांत हीं मुलें फसूं नयेत म्हणून त्यांनीं १८४९ सालीं त्या विषयावर सोपें पुस्तक छापलें, आणि मुलांकडून त्यावरचे संवादही रंगमंचावर करविले. शिकलेलें उद्यां सकाळीं कामास येतें हें एकदां कळल्यावर मुलाला अभ्यासाची गोडी लावावी लागत नाहीं.

मुलाचा वेळ व मान ह्यांचें रक्षण करण्यासही ते चुकले नाहींत. १८५२ सालच्या एका करारपत्रांत सुताराच्या हाताखालीं जाणाऱ्या मुलासाठीं त्यांनीं अटी घातल्या आहेत. मालकानें धंदा पूर्ण शिकवावा, चूक झाल्यास शब्दांनींच सुधारावी, मारूं नये. धंद्याबाहेरचीं कामें लावूं नयेत. सणवार मोकळे ठेवावे. त्या काळीं गरीब मुलासाठीं अशी लेखी हमी मागणारा माणूस विरळाच.

आतां मिकेले मागोने ह्याची हकीकत ऐका. १८५७ सालीं कारमान्योला स्टेशनवर गाडीची वाट पाहतांना डॉन बॉस्कोंना धुक्यांतून मुलांचा गलका ऐकूं आला. तेरा वर्षांचा मागोने त्या टोळीचा म्होरक्या होता. बाप मेलेला, आई मोलमजुरी करणारी. तूं काय करतोस, असें विचारतां, रिकामें हिंडणें हाच आपला धंदा, अशा अर्थाचें उत्तर त्यानें बेधडक दिलें. त्याला तुरिनला आणल्यावर डॉन बॉस्कोंनीं त्याचें खेळणें बंद केलें नाहीं. एक समंजस सोबती त्याच्याबरोबर दिला, व चुकल्यास हळूच सांगण्याचें काम त्यावर सोंपविलें. महिनाभरांत मुलाचें मन आंतून बदललें आणि वर्गाला त्रास देणारा मागोने अभ्यासांत पुढें आला. जानेवारी १८५९ मध्यें तो देवाघरीं गेला. दोन वर्षांनीं खुद्द डॉन बॉस्कोंनीं त्याचें चरित्र लिहिलें. प्रत्येक मुलाची गोष्ट अशी वळली नाहीं. कित्येक मुलें आलीं तशीं निघूनही गेलीं. 

१८७७ सालीं आपल्या पद्धतीवर त्यांनीं छोटा लेख लिहिला व विवेक, धर्म आणि ममता हे तिचे तीन आधार सांगितले. ३१ जानेवारी १८८८ रोजीं ते ख्रिस्तवासी झाले व १ एप्रिल १९३४ रोजीं पोप पायस अकरावे ह्यांनीं त्यांना संतपद दिलें. त्यांचे सालेशियन अनुयायी १९०६ सालीं तंजावरास आले व १९२८ सालीं मुंबईस.

आपल्या देशांत २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. परंतु मन विटण्याचें वय तर बहुधा त्याच सुमारास सुरू होतें, आणि तेथून पुढें मुलगा किंवा मुलगी शाळेंत टिकेल कीं नाहीं हें बरेंचसें घरावर व धर्मग्रामावर अवलंबून राहतें. शेजारच्या मुलाच्या गुणांशीं तुलना करून किंवा उद्यांच्या उपासमारीचें भय घालून पुस्तक उघडत नाहीं. आईबापांनीं आज रात्रीं दूरदर्शन व मोबाईल थोडा वेळ बाजूस ठेवून मुलाजवळ बसावें, व त्याला काय येतें हें आधीं विचारावें. शिकलेल्या तरुणांनीं आठवड्याची एक संध्याकाळ ह्या मुलांस द्यावी. कारागिरांनीं हाताखालच्या पोराची परीक्षा जवळ आली असतां त्याला सुटी द्यावी. एवढें झालें तर ह्या ज्युबिलीचें स्मारक दगडाचें नसलें तरी चालेल. पुढील ज्युबिलीचा लेख ह्याच मुलांपैकीं कोणी लिहील. संत जॉन बॉस्को आपल्या मुलांसाठीं विनवणी करोत.