चालत्या वाहनातील संगीतश्रवण : आवड आणि निवडीचा अधिकार

मोटार चालविताना कोणते संगीत ऐकावयास आवडते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ‘आवडते’ या क्रियापदात निवडीचे स्वातंत्र्य गृहीत धरलेले असते. ते स्वातंत्र्य वाहनचालकाला केव्हा, कोणामुळे व कितपत मिळाले याचा शोध घेऊ लागताच हा प्रश्न तंत्रज्ञान, राज्यसंस्था आणि श्रमसंबंध यांच्या इतिहासाशी जोडला जातो. प्रस्तुत निबंधात या दृष्टीने काही मुद्दे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मोटारीत रेडिओ बसविण्यातील मुख्य अडचण संगीताची नव्हती, खरखरीची होती. इंजिनातील विद्युत ठिणग्यांमुळे ध्वनिग्रहणात सतत व्यत्यय येत असे. शिकागो येथील पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने विल्यम लिअर व एल्मर वेव्हरिंग यांच्या साहाय्याने या अडचणीवर मात केली आणि १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाचा संच बाजारात आणला. त्याची किंमत शंभर डॉलरहून अधिक होती. युरोपात ब्लाउपुंक्ट कंपनीचा १९३२ चा संच सुमारे १५ किलो वजनाचा होता. ही चैनच होती, हे उघड आहे. त्याच सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात, गाण्यामुळे चालकाचे लक्ष विचलित होते या कारणास्तव, मोटारीतील रेडिओवर बंदी घालण्याचे प्रस्तावही पुढे आले. आज भ्रमणध्वनीविषयी होणारी चर्चा त्या काळच्या चर्चेहून फारशी निराळी नाही.

रेडिओने मोटारीत संगीत आणले खरे, पण ते निवडण्याचा अधिकार प्रक्षेपण केंद्राकडेच राहिला. १९५६ च्या नमुन्यांत क्रायस्लर कंपनीने डॅशबोर्डाखाली चक्क ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे यंत्र बसविले. मिनिटाला सुमारे १६ फेरे घेणाऱ्या या खास तबकड्या एकाच कंपनीच्या संग्रहातून मिळत असत. साहजिकच हा प्रयोग अल्पजीवी ठरला. पुढे वर उल्लेखिलेल्या लिअर यांनीच विकसित केलेली आठ-पट्टी टेप फोर्ड कंपनीने १९६६ च्या मोटारींत उपलब्ध करून दिली. फिलिप्सने १९६३ मध्ये सादर केलेल्या छोट्या कॅसेटने मात्र सर्वांवर मात केली, कारण तिच्यावर ऐकणाऱ्याला स्वतः ध्वनिमुद्रण करता येत होते.

भारतातील परिस्थिती मुळातच वेगळी होती. येथे प्रक्षेपणाची मक्तेदारी शासनाकडे होती आणि संगीताची अभिरुची घडविणे हे शासनाचे कर्तव्य मानले जात होते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठीभाषक मंत्र्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. केसकरांची शास्त्रीय संगीतावरील निष्ठा निःसंशय होती, आणि आकाशवाणीच्या संगीत संमेलनांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु श्रोत्याच्या आवडीला ते केवळ सुधारणेचा विषय मानत राहिले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती हा या धोरणाच्या पराभवाचा अप्रत्यक्ष स्वीकारच होता. याच सेवेवर १९६७ मध्ये जाहिरातींचा प्रारंभ झाला तो मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून.

येथे एका बाबीकडे विशेष लक्ष वेधणे आवश्यक वाटते. पाश्चात्त्य लेखनात मोटारीचा मालक व चालक ही सामान्यतः एकच व्यक्ती मानलेली असते. आपल्याकडे दीर्घकाळ चालक हा पगारी नोकर होता. मालक मागे बसलेला असताना पुढच्या बटणाला हात कोणी लावावयाचा, हा प्रश्न आवडीचा नसून पायरीचा होता. गाडी रिकामी असतानाच ‘डायव्हर’ आपले गाणे लावीत असे, हे अशी नोकरी जवळून पाहिलेल्या अनेकांना आठवत असेल. म्हणूनच चालत्या वाहनातील निवडीचा खरा इतिहास आपल्याकडे खासगी मोटारीपेक्षा मालमोटारीच्या केबिनमध्ये शोधावा लागतो. तेथे चालक आणि क्लीनर यांच्याखेरीज कोणी नसे, रात्र मोठी असे, आणि गाणे हे जागे राहण्याचे साधन असे. ऐकणे हा तेथे विरंगुळा होता तसाच कामाचा भागही होता. जात्यावरच्या ओवीशी किंवा मोटेवरच्या गाण्याशी त्याचे नाते जोडता येईल. फरक इतकाच की येथे गाणारा दुसरा कोणी होता.

या केबिनमध्ये कॅसेट पोहोचली ती मुख्यतः १९८० च्या दशकात. तोपर्यंत ध्वनिमुद्रणाच्या बाजारावर ग्रामोफोन कंपनीचे, म्हणजे ‘एचएमव्ही’चे, वर्चस्व होते. गुलशनकुमार यांच्या टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटी काढल्या आणि त्या पानाच्या टपरीवर, बसस्थानकाबाहेर, ढाब्याशेजारी मिळू लागल्या. पीटर मॅन्युअल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात या स्थित्यंतराचे विवेचन केले आहे. मात्र त्या ग्रंथाने आपले क्षेत्र शीर्षकातच उत्तर भारतापुरते मर्यादित ठेवले आहे. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते व भीमगीते, आनंद शिंदे यांची लोकगीते यांचा प्रसार कॅसेटमुळे किती झाला, हे स्वतंत्र संशोधनाचे क्षेत्र आहे. आकाशवाणीच्या स्वरचाचणीची पायरी न चढताही गायक श्रोत्यापर्यंत पोहोचू शकला, ही घटना सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने केसकरांच्या धोरणाइतकीच महत्त्वाची आहे. याच कॅसेटींनी विद्वेषी भाषणेही गावोगाव पोहोचविली, हेही नोंदविले पाहिजे.

या संशोधनातील अडचण साधनांची आहे. चित्रपटगीतांच्या सूची तयार झाल्या, नामवंत गायकांची चरित्रे लिहिली गेली. पण टपरीवर विकलेल्या कॅसेटींचा पद्धतशीर संग्रह ग्रंथालयांनी क्वचितच केला. चुंबकीय फितीवरील लेप कालांतराने सुटू लागतो, आणि केबिनमधील उन्हात व धुळीत वाजविलेल्या फिती तर त्याहून लवकर निकामी होतात. शिवाय चालकाने स्वतः गाणी निवडून दुकानातून भरून घेतलेली कॅसेट ही एकमेव प्रत असते. तिची नोंद कोणत्याही सूचीत नाही. त्या काळी वाहने चालविणारे आज साठी-सत्तरीत आहेत. महामार्गालगतच्या तालुक्यांतील महाविद्यालयांना आपल्या विद्यार्थ्यांकरवी त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून घेता येतील. अनेक विद्यार्थ्यांना त्यासाठी घराबाहेरही जावे लागणार नाही.