सरासरीत हरवलेले नाशिक

दूरध्वनीच्या इतिहासात यंत्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले, मोजमापाविषयी थोडे. वास्तविक कोणाची तक्रार ऐकली जाणार, हे मोजमापच ठरवते.

१९९७ साली स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००९ च्या नियमांत मध्येच तुटणाऱ्या कॉलांची मर्यादा शेकडा २ ठरवली. मात्र हिशेब होई तो संपूर्ण परिमंडळाच्या सरासरीचा. नाशिकच्या परिमंडळात मुंबईचा पट्टा वगळून उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा येतात. समजा, सुरगाण्याच्या एखाद्या टॉवरवर दर दहावा कॉल तुटला, तरी पुण्याच्या असंख्य सुरळीत कॉलांत तो विरून जाई.

२०१५ साली तुटलेल्या कॉलमागे १ रुपया भरपाई देण्याचा नियम झाला. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आम्हांला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१७ चा बदल. किमान ९० टक्के सेलनी किमान ९० टक्के दिवस २ टक्क्यांची मर्यादा पाळावी, अशी कसोटी तेव्हा आली. आता एका गावचे सुख दुसऱ्या गावच्या खाती जमा होत नाही. पण कसोटीबाहेर उरणाऱ्या सेलांत बहुधा डोंगराआडचीच गावे राहणार असतील, तर मोजणी अद्याप अपुरीच म्हणावी लागेल.