वॉरंटाविना अटक आणि वर्गाबाहेरचा वनरक्षक

१८७८ च्या भारतीय वन कायद्याने वनाधिकाऱ्यांच्या हाती जबर अधिकार दिला. महिनाभर वा अधिक कैदेच्या वनगुन्ह्याचा वाजवी संशय असला, की वॉरंटाविना अटक! अन् ‘वनाधिकारी’ या व्याख्येत गस्त घालणारा साधा वनरक्षकही येत होता.

त्याच वर्षी ब्रँडिस यांच्या पुढाकाराने डेहराडूनला वनविद्यालय निघाले. तेथे कायदाही शिकवला जाई. बेडन-पॉवेल (स्काउटवाले नव्हेत, त्यांचे सावत्र बंधू) यांनी १८८२ मध्ये वनाधिकाऱ्यांसाठी न्यायशास्त्राचा ग्रंथच लिहिला.

परंतु विद्यालय होते रेंजर आणि फॉरेस्टर घडविण्यासाठी. रयतेची कुऱ्हाड प्रत्यक्ष अडविणारा वनरक्षक वर्गाबाहेरच राहिला. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मधून जंगलखात्यावर कोरडे ओढले, ते गुराढोरांची चराई बंद झाली म्हणून, पण रयतेला ते खाते भेटे, ते बहुधा याच वनरक्षकाच्या रूपाने.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही पात्रतेचे माप हुद्दाच. झडती-अटकेसाठी पोलीस किमान उपनिरीक्षक हवा. वनाधिकारी मात्र कोणताही चालतो. न्यायालयात ग्राह्य ठरेल अशी साक्ष नोंदवायची, तर तेथे वरच्या हुद्द्याची अट आहे.