बुरसलेले धान्य आणि ‘गोबर गॅस’ : एका नावाची मर्यादा

वस्तूस पडलेले नाव पुष्कळदा तिच्या उपयोगाची सीमाही आखून देते. सेंद्रिय पदार्थ हवाबंद स्थितीत कुजून निर्माण होणाऱ्या ज्वलनशील वायूस आपल्याकडे ‘गोबर गॅस’ हे नाव रूढ झाले. बुरशीने नासलेल्या धान्याच्या विल्हेवाटीचा एक मार्ग दीर्घकाळ दृष्टिआड राहिला, त्यास या नावाचाही हातभार लागला असावा.

माणसाने टाकलेले धान्य जनावरांपुढे ठेवावे, हा जुना प्रघात. त्यातील धोका १९६० साली इंग्लंडात उघडकीस आला. ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड खाऊन तेथे सुमारे एक लाख टर्की पक्षी दगावले. ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीच्या नावातील आद्याक्षरे जुळवून त्या विषास ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हटले गेले. हे विष नेहमीच्या रांधण्याने नष्ट होत नाही. दुभत्या जनावराच्या पोटात गेल्यास त्याचा अंश रूपांतर पावून दुधात उतरतो. म्हणजे गोठ्यात टाकलेले विष पुन्हा घरातच येते.

१९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत याचे दारुण प्रत्यंतर आले. अवकाळी पावसात भिजलेला मका बुरसला होता. दुसरे धान्य नसल्याने आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ मरण पावले. गावातील कुत्री त्याआधीच तशाच विकाराने आजारी पडली होती.

आता वायूकडे वळू. भारतातील त्याचा आरंभीचा प्रयोग १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात झाला. तेथील कच्चा माल शेण नव्हे, तर मानवी मैला होता. शेणाचे प्राधान्य पुढचे. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेत शेणावर प्रयोग झाले. पुढे जशभाई पटेल यांचे संयंत्र आले आणि साठीच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. इंधन आणि खत हे दोन्ही हेतू साधणारे शेण गोठ्यातच उपलब्ध होते. तेव्हा नाव पडले ते स्वाभाविकच होते.

परंतु शेण म्हणजे गुराने एकवार पचविलेले अन्न. त्यातील बरीचशी शक्ती आधीच खर्ची पडलेली असते. पुण्यात डॉ. आनंद कर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिष्टमय पदार्थांवर चालणारे आटोपशीर संयंत्र सिद्ध केले. खरकटे, पीठ, खाण्यास अयोग्य धान्य यांपासून शेणाच्या मानाने फार अल्प वजनात व अल्प काळात वायू मिळतो, हे त्यातून दिसून आले. २००६ साली या कार्यास ॲश्डेन पुरस्कार लाभला. येथे शेण लागते ते आरंभी, जिवाणूंचे विरजण म्हणून. मात्र पीठ एकदम जास्त घातल्यास आम्लता वाढून वायू थांबतो. म्हणून ते बेताबेताने घालावे लागते.

तथापि हा मार्ग सर्वथा निर्वेध मानता येत नाही. आंबवण्याच्या क्रियेत सर्व विष नाहीसे होतेच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. अवशिष्ट राळा शेतात जावा, गव्हाणीत कदापि नव्हे. शिवाय घरातील एकमेव कणगी बुरसलेली असेल, तर ती रिती करून मिळणारा वायू चूल पेटवील. चुलीवर ठेवावयाचे धान्य तो देणार नाही. बांसवाड्याच्या कुटुंबांस प्रथम हवे होते ते निर्दोष धान्य. ते मिळाल्यावरच नासलेला मका संयंत्रात जाऊ शकतो.